गुणाजी मेट्रोत बसला त्याची गोष्ट

मोठ्यानं पुस्तक वाचून दाखवावं ते मीच! स्वतःच्या तोंडानं सांगतोय म्हणून नाक मुरडू नका. आमच्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये येऊन कुणालाही विचारा. मी वाचायला लागलो की वरच्या मजल्यावरच्या मिश्रा आंटी बाल्कनीत येऊन उभ्या राहतात. त्यांना मराठी ओ की ठो कळत नाही, तरी उभ्या राहतात. मी गाढवाचा आवाज काढतो ना, तो ऐकायला! दिवसभर मी, धम्मपाल वानखडे, सेक्शन ऑफिसर, फायलींवर 'चर्चा करें' लिहीत बसतो आणि संध्याकाळी घरी येऊन गाढव होतो. माझी बायको नीलम म्हणते, फरक फारसा जाणवत नाही.

हे गाढव म्हणजे गुणाजी. 'गुणाजी निघाला दूरदेशी' ही कादंबरी माझ्या बाबांनी लहानपणी वाचली, मी वाचली आणि आता ती माझ्या समताच्या वाट्याला आलीय. गोष्ट साधी आहे. चंद्री आणि नाम्या ही कुंभाराची पोरं. घरचं गाढव म्हातारं झालं म्हणून बाप ते बाजारात विकायला काढतो. पोरं त्याला घेऊन पळतात, मावशीच्या गावाला. वाटेत चोर भेटतात, ढोंगी साधू भेटतो, सर्कस भेटते. आणि मग भेटते नदी.

पूर आलेला असतो. गुणाजी दोन्ही पोरांना पाठीवर घेऊन काठाला आणून सोडतो, आणि स्वतः वाहून जातो. 'पाण्यावर दोन कान दिसले. मग एक. मग एकही नाही.' बस्स, एवढंच लिहिलंय. मी ते वाचलं तेव्हा अकोल्याच्या आमच्या घरात पलंगाखाली जाऊन रडलो होतो. आईला वाटलं, गणितात नापास झालो.

आमची समता नऊ वर्षांची. जन्म दिल्लीचा, शाळा दिल्लीची. हिंदीमुळे अक्षरं सगळी ओळखीची, पण मराठी शब्द परके. दोन ओळी वाचते, "पापा, ये ओसरी म्हणजे काय असतं यार?" म्हणते आणि पुस्तक माझ्या मांडीवर टाकते. मग मी वाचतो. असं आम्ही मजेत नदीपर्यंत पोचलो. नेमकं त्याच दिवसांत आमच्या जिन्याखालचं कुत्रं, ब्राउनी, थंडीत मेलं. पोरीनं जेवण सोडलं. नुसत्या दुधावर राहिली. दूध पितानाही डोळ्यांतून पाणी. नीलमला आणि मला काही सुचेना. डॉक्टर म्हणाले, सांभाळून घ्या, फार हळवी आहे.

अशा पोरीपुढे मी ते पान उघडलं. 'दोन कान दिसले. मग एक...' समतानं माझा शर्ट घट्ट धरला. तिच्या हनुवटीला कंप सुटला होता. आणि माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, "आणि मग गुणाजी पोहत पोहत वर आला!"

"प्रॉमिस?"

"मधे बोलू नको. पुस्तकातच तसं आहे."

त्या संध्याकाळी ती दोन पोळ्या जेवली. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

पण मेलेल्याला वाचवणं सोपं असतं हो, पुढे त्याला रोज कामाला लावावं लागतं! पुस्तकाच्या उरलेल्या पानांत सगळे गुणाजीची आठवण काढून रडतात आणि त्याच्या नावानं कडुनिंब लावतात. ते कसं वाचणार? मग मी वाचता वाचता रचत गेलो. गुणाजीला दिल्लीला आणलं. करोल बागेत त्यानं गाड्यांचे पार्ट वाहिले. एके दिवशी कंटाळून तो मेट्रोत बसला. सिक्युरिटीवाल्यानं त्याचे कान तपासले, तो चुकून लेडीज डब्यात शिरला, बायकांनी त्याला हाकललं, आणि शेवटी तो फरीदाबादला उतरला. साठ वर्षांपूर्वीच्या पुस्तकात मेट्रो कुठून आली, हे समतानं विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. मेट्रोचं प्रकरण तिचं सगळ्यांत आवडतं. ते मी इतक्यांदा 'वाचलं' की मलाही ते पुस्तकात आहेसं वाटायला लागलं.

"एक दिवस हे अंगाशी येणार," नीलम म्हणाली होती. ती बँकेत आहे. कुठलं खातं बुडणार हे तिला आधीच कळतं.

तर ते असं अंगाशी आलं.

एका बुधवारी ऑफिसातून येतो तो समता दारातच नाचत होती. "पापा! गुणाजीवर पिक्चर आला! आपल्या मराठी मंडळात दाखवणार! करोल बागेत! संडेला!"

माझ्या हातातला डबा पडला. भाजीचा रस्सा बुटात गेला.

"आणि डायरेक्टर अंकल पण येणार! आणि पिक्चर झाल्यावर मुलांनी स्टेजवर बोलायचं, पुस्तक आणि पिक्चर सेम आहे का ते. बक्षीस पण आहे! मी नाव दिलं! मम्मीच्या फोनवरून! मी मेट्रोवर बोलणार, बिल्कुल पूर्ण!"

माझी पाचावर धारण बसली. डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. अंधारा हॉल, भिंतीएवढा पडदा, भिंतीएवढी नदी आणि त्यात भिंतीएवढे दोन कान. मग एक. मग एकही नाही. आणि त्यानंतर माझी पोर, ओल्या डोळ्यांनी, दोनशे माणसांसमोर उभी राहून मेट्रोबद्दल सांगतेय, आणि दोनशे माणसं खदखदून हसतायत.

"आणि परीक्षक कोण आहेत?" मी कसंबसं विचारलं.

"बळवंत आजोबा!"

मी खुर्चीत बसलो. बळवंतराव म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. मंत्रालयातून निवृत्त झाले, पण दरारा निवृत्त झाला नाही. मंडळाच्या ग्रुपवर कुणी 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' लिहिलं तरी त्यातली चूक काढून परत पाठवतात. आणि गुणाजी ही त्यांची जन्माची पोथी! अनुक्रमणिकेसकट पाठ! दर वर्षी संमेलनात ते नदीचं प्रकरण म्हणून दाखवतात आणि 'एकही नाही' म्हणताना स्वतःच रडतात. त्यांच्यासमोर समता सांगणार, गुणाजी लेडीज डब्यात शिरला!

"मी आधीच सांगितलं होतं," नीलम स्वयंपाकघरातून म्हणाली. "आता तिला खरं सांगून टाका."

"ती जेवण सोडेल!"

"मग सांगू नका. पण ती रडली तर तुम्ही निस्तरायचं. मी हॉलमध्ये तुम्हाला ओळख दाखवणार नाही."

त्या आठवड्यात ऑफिसात मी काय केलं ते देवच जाणे. एका फाईलवर मी 'गाढव वाचवावे' असा शेरा मारला आणि ती फाईल मंजूर होऊन परत आली.

बराच विचार करून मी एक बेत आखला. बेत फक्कड होता! फरीदाबादला माझा चुलतभाऊ हणमंत राहतो, कारखान्यात फोरमन आहे. रविवारी सकाळी तो आजारी पडणार, आम्ही त्याला बघायला जाणार, सिनेमा हुकणार. आजाऱ्याला बघायला जाण्यापुढे पोरगी तरी काय बोलणार?

रविवारी सकाळी मी आधी आमची गुणाजीची प्रत कपाटावर, रजयांच्या मागे लपवली. न जाणो! मग चेहरा लांब करून म्हटलं, "समता, आपल्याला फरीदाबादला जायला लागेल. हणमंतकाका आजारी आहे. खूप."

समताचा चेहरा पांढरा पडला. "मरणार आहे का?"

"नाही, नाही! छे! साधा ताप आहे."

"ब्राउनीला पण तू साधा तापच म्हणाला होतास."

तिचा खालचा ओठ बाहेर यायला लागला. मला दरदरून घाम फुटला. गाढवाला वाचवता वाचवता मी माणूस मारत होतो! "अगं, बरा होतोय तो! बराच झालाय! जवळजवळ..."

तेवढ्यात बेल वाजली. दारात हणमंत! अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, हातात केळ्यांचा घड.

"जय भीम, वहिनी! जय भीम, धम्मादादा! चला, आवरा लवकर! समतानं फोन करून सांगितलं, गाढव मेट्रोनं फरीदाबादला येतं म्हणे पिक्चरमध्ये. म्हटलं, आमच्या फरीदाबादला कोण विचारतं? बघायलाच पाहिजे! कंपनीतल्या सगळ्यांना सांगून आलोय."

समता त्याच्या कमरेला बिलगली. "काका! तू बरा झालास!"

"मला काय झालं होतं?" हणमंत म्हणाला.

नीलमनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करत नाही. मला तिच्याबरोबर संसार करायचाय.

मग दुसरा बेत. मी बाथरूममध्ये नळ सोडून बळवंतरावांना फोन लावला. नदीचा प्रसंग नेमका कधी येतो ते कळलं की त्याच्या जरा आधी समताला कुल्फी खायला बाहेर काढायचं. पूर ओसरला की परत आत! अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, मी बळवंतरावांचे धरले.

"सर, एक विचारायचं होतं. ती नदी... सिनेमात साधारण कधी येते?"

पलीकडून घोगरा आवाज आला, "धम्मपाल! अख्ख्या मंडळात हा प्रश्न विचारणारे तुम्ही एकटे. बाकीचे विचारतात, समोसा आहे का? तुम्हीही त्या प्रसंगाची वाट बघताय तर! मीसुद्धा अजून पाहिलेला नाही. आपण एकत्र पाहू. तुम्ही आणि तुमची कन्या पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी बसायचं. ठरलं!"

आगीतून फुफाट्यात! मी नळ बंद करायला विसरलो आणि टाकी रिकामी झाली, ते वेगळंच.

मेट्रोत समता भाषणाची तयारी करत होती. मी खांबाला मिठी मारून उभा होतो.

"पापा, गुणाजी इथेच बसला होता ना? कोपऱ्यातल्या सीटवर?"

"कौन बैठा था, बेटा?" त्या सीटवरच्या बाईंनी कौतुकानं विचारलं.

"गधा, आंटी."

बाई पुढच्याच स्टेशनवर उतरल्या. हणमंत खूष होऊन त्या जागेवर बसला.

हॉल गच्च भरला होता. पहिल्या रांगेत बळवंतराव, त्यांच्या शेजारी मी, मग समता, आणि तिच्या पलीकडे दिग्दर्शक हेरंब. मुंबईहून आलेला दाढीवाला तरुण. का कोण जाणे, तोही माझ्याइतकाच घाबरलेला दिसत होता. बळवंतरावांशी बोलताना सारखा पाण्याची बाटली तोंडाला लावत होता. नीलम आणि हणमंत मागच्या रांगेत बसले. नीलमनं शब्द पाळला, मला ओळख दाखवली नाही.

"हा ठेवा," बळवंतरावांनी मला घडी घातलेला रुमाल दिला. "नदीला लागेल. मी दोन आणतो नेहमी."

सिनेमा सुरू झाला, आणि खरं सांगतो, काय सुरेख होता हो! चंद्रीच्या वेण्या मी मनात घातल्या होत्या तश्शाच. ढोंगी साधू तर आमच्या जुन्या अंडर सेक्रेटरींसारखा दिसत होता. आणि गुणाजी! एक कान उभा, एक पडलेला, डोळ्यांत सगळ्या जगाचा कंटाळा. पुस्तकातून उठून आला होता जणू! बळवंतराव मान डोलवत होते, "अगदी तस्सा! अगदी तस्सा!" समता माझ्या कानात पुढचं वाक्य आधीच सांगत होती. मी भीती विसरलो. पोरांबरोबर टाळ्या वाजवल्या. आणि तेवढ्यात पडद्यावर ढग गडगडले.

"समता, चल, कुल्फी खाऊ."

"आत्ता? नदी आलीय पापा!"

"मलईवाली कुल्फी!"

"नको ना यार!"

पाणी चढत होतं. चंद्री, नाम्या, गुणाजी काठावर उभे होते. मी समताच्या डोळ्यांवर हात ठेवला.

"पापा, हात काढ!"

"डोळ्यांत काहीतरी गेलंय तुझ्या."

"तुझा हातच गेलाय!"

तिनं हात झटकला. गुणाजी पोरांना घेऊन पाण्यात उतरला होता. बळवंतरावांनी रुमाल काढला. पोरं काठाला लागली. गुणाजीचा पाय घसरला. आता दोनच कान! माझ्या मनात एकच आलं, हिला हे पडद्यावरून असं अचानक कळू नये. कळायचंच असेल तर माझ्या तोंडून कळू दे. मी तिला जवळ ओढलं आणि भराभर कुजबुजलो.

आता बघा नशीब! त्याच क्षणी त्या हेरंबानं संगीत बंद केलं होतं. पूर्ण शांतता. कलात्मक! त्यामुळे माझी कुजबूज शेवटच्या रांगेपर्यंत गेली.

"समता, ऐक! गुणाजी मरतो! पुस्तकात मरतो! मीच खोटं सांगितलं होतं, तू रडू नये म्हणून!"

ती माझ्याकडे बघत राहिली. "मग... मेट्रो?"

"मेट्रोपण खोटी."

समतानं असा टाहो फोडला की मागची लहान पोरं तिच्या सुरात सूर मिसळून रडायला लागली. कुणीतरी "लाईट लावा!" ओरडलं. कुणीतरी "अहो, शेवट का सांगता!" म्हणून माझ्यावर खेकसलं. पाठीमागून एक केळं माझ्या डोक्यात बसलं. ते नीलमनं मारलं असावं. घड तिच्याच मांडीवर होता. मी पोरीला कवटाळून बसलो होतो, आणि मला वाटत होतं की या पाण्यानं मलाही घेऊन जावं.

आणि पडद्यावर एक कान वर आला.

मग दुसरा. मग नाक. मग अख्खा गुणाजी! ठणठणीत! काठावर आला, अंग झाडलं आणि असा काही ओरडला की हॉल दणाणून गेला! पोरांनी शिट्ट्या मारल्या. मागून हणमंत ओरडला, "आता बसतंय बघा मेट्रोत!"

"हा जिवंत कसा?" बळवंतराव उभे राहिले होते. हातात कोरडा रुमाल. "अहो, हा जिवंत कसा?"

समताचं रडणं थांबलं. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ब्राउनी गेला तेव्हाही तिनं माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

"पापा, तो तर जिवंत आहे. तू मला खोटं का सांगितलंस?"

"बाळा, मी खरंच सांगत..."

"सगळे ऐकत होते. तू मला मुद्दाम रडवलंस."

ती उठली आणि मागे नीलमच्या मांडीवर जाऊन बसली. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. इतके महिने मी खोटं बोललो तर माझ्यावर तिचा पूर्ण विश्वास होता, आणि एकदाच खरं बोललो तर तो उडाला. मला फार वाईट वाटलं. उरलेला सिनेमा मला दिसलाच नाही.

मग भाषणं झाली. समताचं नाव पुकारलं तेव्हा मी खुर्चीचे दोन्ही हात धरून बसलो. ती स्टेजवर गेली. डोळे सुजलेले, आवाज मात्र खणखणीत.

"नमस्कार आणि जय भीम. पिक्चर पुस्तकासारखाच आहे. मघाशी माझ्या पापांनी सांगितलं की पुस्तकात गुणाजी मरतो. ते खोटं आहे. ऑफिसमध्ये जास्त काम असलं की ते कन्फ्यूज होतात." हॉल हसला. मीही हसलो, न हसून सांगणार कुणाला? "पण माझी एक कम्प्लेंट आहे. डायरेक्टर अंकल, तुम्ही मेट्रोचं प्रकरण का कापलं? ते बेस्ट होतं. त्यात गुणाजी करोल बागेतून मेट्रोत बसतो आणि फरीदाबादला जातो."

हणमंतनं एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. मी डोळे मिटून घेतले. आता हसणार, आता माझी पोर स्टेजवर रडणार! मी तिच्याकडे धावायला अर्धा उठलोसुद्धा.

पण हेरंबनं माईक घेतला. कपाळावरचा घाम पुसला. "हो... म्हणजे ॲक्चुअली, ते प्रकरण आम्हाला खूप घ्यायचं होतं. पण मेट्रोत शूटिंगची परमिशन... आणि गाढव म्हटल्यावर तर... बजेटचाही इश्यू होता."

बळवंतराव सावकाश उभे राहिले. "मेट्रो? कुठल्या आवृत्तीत?"

"नव्या, सर," हेरंब म्हणाला. एका दमात बाटली संपवली.

बळवंतराव तसेच उभे. ज्या माणसाला अख्खं मंडळ भ्यायचं, त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती पाहिली. अनुक्रमणिकेसकट पाठ असलेलं पुस्तक, आणि आपल्याला न सांगता त्याची नवी आवृत्ती निघाली! ते हळूच खाली बसले आणि माझ्याकडे झुकून म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होतं हे?" मी त्यांचाच रुमाल तोंडाला लावून खोकत बसलो.

चहाच्या वेळी हेरंबनं मला खांबाआड ओढलं. "सर, प्लीज सांगा, तो मेट्रोचा चॅप्टर कितवा? मी फक्त स्क्रीनप्ले वाचलाय. आज आजोबांनी पकडलं असतं तर मेलोच असतो!"

"गाढव का वाचवलंत?"

"प्रोड्युसरची मुलगी रडली, सर. ऐकता ऐकता जेवायचीच थांबली."

मी त्याला माझा समोसा देऊन टाकला.

बक्षीस समताला मिळालं. बळवंतरावांनी पिशवीतून ते काढलं. गुणाजीचं पुस्तक! त्यांची स्वतःची, कव्हर घातलेली प्रत! "बाळ," ते म्हणाले, "ही जुनी आवृत्ती आहे. हिच्यात तुझी मेट्रो नाही. पण रोज थोडं स्वतः वाच, मोठ्यानं. शब्द अडला तर मला फोन कर. वडिलांना विचारू नकोस, ते कन्फ्यूज होतात."

आणि पोरगी वाचायला लागली हो! समतानं मराठी वाचावं म्हणून मी किती वर्षं घसा कोरडा केला होता, आणि आता ती वाचायला बसली की माझा जीव वरखाली. "समता, जरा टीव्ही बघ ना बाळा! कार्टून लागलंय!" म्हणून पाहिलं. ती वर बघायची नाही. ओसरी, पाणवठा, दावं, सगळे शब्द बळवंतरावांना फोनवर विचारायची. माझ्याशी कामापुरतं बोलायची. चोर आले, गेले. साधू आला, गेला. सर्कसचा तंबू लागला तेव्हा मी नीलमला म्हटलं, ती पानं गोंदानं चिकटवून टाकू का? नीलम म्हणाली, तोंडाला लावा तो गोंद.

एका शनिवारी समता जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली. डोळे लाल होते. मी काही विचारलं नाही. विचारायचं धैर्यच नव्हतं.

रविवारी दुपारी ती पुस्तक घेऊन बाल्कनीत आली. म्हणाली, "पापा, बस. आज नदी आहे. मी वाचून दाखवते."

मी बसलो. तिनं वाचायला सुरुवात केली. अडखळत नव्हती. पूर आला. गुणाजीनं पोरांना काठाला सोडलं. ते पान मला पाठ आहे.

"'पाण्यावर दोन कान दिसले. मग एक...'"

ती थांबली. मी रस्त्याकडे बघत होतो, पण रस्ता दिसत नव्हता. सेक्शन ऑफिसर झालो, केस पिकले, तरी त्या एका कानापुढे माझा टिकाव लागत नाही. मी बाहीनं डोळे पुसले. समतानं ते पाहिलं.

तिनं पुस्तक जरा स्वतःकडे वळवून धरलं आणि भराभर वाचलं, "'आणि मग गुणाजी पोहत पोहत वर आला.'"

"समता, अगं, पण तिथे तर..."

"पापा, मधे बोलू नको. पुस्तकातच तसं आहे."

मग तिनं पुढचं वाचलं. गुणाजी दिल्लीला आला, करोल बागेत कामाला लागला. बळवंतरावांच्या त्या जुन्या प्रतीतून तिनं मेट्रोचं प्रकरण असं वाचलं, की सिक्युरिटीवाल्यानं कान तपासले तेव्हा मी रडता रडता हसायला लागलो. वरून मिश्रा आंटींनी वाकून विचारलं, "भाईसाहब, गधा बच गया?"

"हां जी, बच गया!" समतानंच ओरडून सांगितलं.

तर मंडळी, सुरुवातीला मी जे म्हटलं ते मागे घेतो. आमच्या घरात मोठ्यानं पुस्तक वाचून दाखवावं ते समतानंच. माझ्याकडे फक्त गाढवाचा आवाज ठेवलाय. तोही ती खूण करेल तेव्हाच काढायचा!